दगडाला वेदना असते काय? : चेतनेचा प्रश्न आणि बुद्धांचे उत्तर

काही वर्षांपूर्वी शाळेच्या सहलीत इयत्ता आठवीच्या मुलांना घेऊन आम्ही कार्ल्याची लेणी पाहावयास गेलो होतो. इतिहासाचे शिक्षक या नात्याने चैत्यगृहाचे स्तंभ, छताच्या लाकडी कमानी आणि दानलेख यांची माहिती आम्ही देत होतो. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी अखंड कातळात छिन्नी-हातोड्याने सुमारे १२४ फूट लांबीचे हे चैत्यगृह खोदले गेले, असे सांगत असतानाच मागच्या रांगेतील एका मुलाने हात वर केला आणि विचारले, ‘‘सर, एवढं खोदलं तवा दगडाला दुखलं असंल का?’’ मुले हसली. ‘‘नाही रे, दगड निर्जीव असतो,’’ असे म्हणून आम्ही पुढच्या स्तंभाकडे वळलो.

परतीच्या प्रवासात तो मुलगा आमच्या शेजारी बसला होता. त्याचे वडील दगडाच्या खाणीवर कामाला होते. दगडाला नस असते, ती ओळखूनच घाव घालावा लागतो, नाही तर दगड रुसतो आणि वेडावाकडा फुटतो, असे वडील सांगतात, हे त्याने आम्हाला सांगितले. त्याचा प्रश्न पोरकट नव्हता, हे तेव्हा आमच्या ध्यानी आले. जगातील थोर विचारवंतांनी अडीच हजार वर्षे हाच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला आहे. घाईने दिलेल्या त्या एका वाक्याच्या उत्तराने आमचे समाधान झाले नाही. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या प्रश्नाचा थोडा सविस्तर अभ्यास वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रश्न जुना आहे

जगातील प्रत्येक पदार्थात, मग तो दगड असो, पाणी असो वा धुळीचा कण असो, कोणत्या ना कोणत्या स्वरूपात चेतना वसते, असे मानणाऱ्या मतास आपण सर्वचेतनावाद म्हणू. इंग्रजीत त्यास ‘पॅनसायकिझम’ म्हणतात. हे नाव सोळाव्या शतकातील इटालियन विचारवंत फ्रान्चेस्को पात्रित्सी याच्यापासून चालत आले. विचार मात्र त्याहून कितीतरी जुना आहे. इसवी सन पूर्व सहाव्या शतकातील ग्रीक तत्त्वज्ञ थेलीस याचे मत ॲरिस्टॉटलने नोंदवून ठेवले आहे. लोहचुंबक लोखंडास हलवितो, त्या अर्थी त्याच्या ठायी आत्मा असला पाहिजे, असे थेलीस मानीत असे. सतराव्या शतकात स्पिनोझाने मन आणि जडद्रव्य ही एकाच मूलतत्त्वाची दोन अंगे मानली. लायब्निट्झने १७१४ मध्ये लिहिलेल्या ‘मोनॅडॉलॉजी’त सारे विश्व सूक्ष्म जाणीवयुक्त घटकांचे बनले आहे, असे प्रतिपादन केले.

आपल्या देशातही हा विचार खोलवर रुजलेला दिसतो. जैन परंपरेने पृथ्वी, जल, अग्नी, वायू आणि वनस्पती यांच्या ठायी एकेंद्रिय जीव मानले. या जीवांस केवळ स्पर्शाची जाणीव असते, असे ते मत आहे. जैन साधू पाणी गाळून व उकळून पितात, जमीन झाडून पाऊल टाकतात, त्यामागे जीवहिंसा टाळण्याची हीच दृष्टी आहे. उपनिषदांनी चराचरात एकच ब्रह्म भरले आहे, असे सांगितले. महाराष्ट्रात ज्ञानदेवांनी भिंत चालविली आणि रेड्यामुखी वेद वदविले, या आख्यायिका घरोघरी ठाऊक आहेत. जडातही चैतन्य आहे, हाच त्यांचा आशय. याच्या अगदी उलट टोकाला लोकायत मत उभे होते. बुद्धांचे समकालीन अजित केसकंबल यांच्या मते मनुष्य म्हणजे चार महाभूतांचा समुच्चय. मृत्यूनंतर ती भूते आपापल्या राशीत मिळून जातात आणि काही उरत नाही. धान्य आंबविले असता जशी मादक शक्ती निर्माण होते, तशी भूतांच्या मिश्रणातून चेतना निर्माण होते, असा दृष्टांत लोकायतिक देत असत.

एका बाजूस ‘सर्वत्र चैतन्य’ आणि दुसऱ्या बाजूस ‘केवळ भूते’, अशा दोन मतांच्या मध्ये उभे राहून बुद्धांना बोलावे लागले. ते काय बोलले हे पाहण्यापूर्वी आजच्या काळातही हा वाद संपलेला नाही, एवढे समजून घेणे आवश्यक आहे.

आजच्या विचारवंतांना हा प्रश्न का पडतो?

गॅलिलिओने १६२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘इल साजातोरे’ या ग्रंथात निसर्गाचे पुस्तक गणिताच्या भाषेत लिहिलेले आहे, असे म्हटले. आकार, संख्या, गती या गोष्टी पदार्थात असतात. रंग, चव, गंध या मात्र जाणणाऱ्याच्या ठायी असतात, अशी विभागणी त्याने केली. या विभागणीमुळे आधुनिक भौतिकशास्त्राची प्रचंड प्रगती झाली. परंतु जाणणारा जो कोणी आहे, तो मात्र शास्त्राच्या हिशोबाबाहेर राहिला. मेंदूतील पेशींची हालचाल आज मोजता येते. परंतु गूळ गोड ‘लागतो’ आणि काटा ‘बोचतो’, हा जो आतला अनुभव, तो त्या हालचालींतून कसा उपजतो? डेव्हिड चाल्मर्स या तत्त्वज्ञाने १९९५ मध्ये यास चेतनेचा ‘कठीण प्रश्न’ असे नाव दिले.

याचे एक उत्तर सर्वचेतनावादी देतात. बर्ट्रांड रसेल यांनी १९२७ च्या ‘द ॲनालिसिस ऑफ मॅटर’ या ग्रंथात दाखवून दिले होते की, भौतिकशास्त्र आपल्याला पदार्थ काय ‘करतो’ हे सांगते; तो स्वतः आतून काय ‘आहे’ हे सांगत नाही. हाच धागा पकडून गेलन स्ट्रॉसन यांनी २००६ मध्ये आणि फिलिप गॉफ यांनी २०१९ च्या ‘गॅलिलिओज एरर’ या पुस्तकात असा युक्तिवाद केला की, अगदीच अचेतन द्रव्यातून चेतना अकस्मात उगवणे अशक्य वाटते. म्हणून द्रव्याच्या अंतरंगातच चेतनेचा अत्यंत साधा अंश असला पाहिजे. दगड विचार करतो, असे हे विद्वान म्हणत नाहीत, ही गोष्ट लक्षात ठेवावी. कणाकणांत काही प्राथमिक जाणीव आहे आणि मेंदूत तिची विशेष रचना होते, इतकेच त्यांचे म्हणणे आहे.

या मतावरील सर्वांत मोठा आक्षेपही जुना आहे. विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९० मध्येच विचारले होते की, शेकडो लहान लहान जाणिवा एकत्र केल्या, तरी त्यांतून ‘एक’ जाणीव कशी होणार? वर्गातील पन्नास मुले शेजारी शेजारी बसली म्हणून त्यांचे एक मोठे मन तयार होत नाही. कणाकणात चेतना मानली, तरी तुमची-आमची एकसंध चेतना कशी झाली, हा प्रश्न होता तेथेच राहतो.

आपल्याकडे या संदर्भात आचार्य जगदीशचंद्र बोस यांचे नाव नेहमी घेतले जाते, म्हणून त्याविषयी दोन शब्द. मे १९०१ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी धातूंवरील प्रयोग सादर केले. कथिलासारख्या धातूला धक्का दिला असता विद्युत प्रतिसाद मिळतो, वारंवार धक्के दिल्यास तो क्षीण होतो, विश्रांतीनंतर पूर्ववत होतो आणि विषारी द्रव्याने मंदावतो, असे त्यांनी आलेखांनी दाखविले. पुढील वर्षी त्यांचे यावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. या प्रयोगांवरून ‘विज्ञानाने दगडातही जीव सिद्ध केला’ असे अनेकदा सांगितले जाते. परंतु प्रतिसाद देणे आणि दुःख भोगणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दाराची घंटी बटण दाबताच वाजते. म्हणून तिला दुखते असे नव्हे. बोस यांचे प्रयोग जीव आणि जड यांच्यातील साम्य दाखवितात. जडाला वेदना आहे, असे त्यांवरून सिद्ध होत नाही.

तीन शब्दांची उकल

बुद्धवचनांकडे वळताना एक अडचण दूर केली पाहिजे. पाली भाषेतील काही शब्द मराठीत आले, पण त्यांचे अर्थ पालटले. आमच्या विद्यार्थ्यांचा गोंधळ नेमका येथेच होतो.

पहिला शब्द ‘विञ्ञाण’. त्याचे मराठी रूप ‘विज्ञान’. आज विज्ञान म्हणजे प्रयोगशाळेतील शास्त्र. पालीत विञ्ञाण म्हणजे जाणीव, भान. पंचस्कंधांतील ‘विज्ञान’ हे या दुसऱ्या अर्थाचे आहे.

दुसरा शब्द ‘वेदना’. मराठीत वेदना म्हणजे दुखणे. पालीत वेदना म्हणजे कोणताही अनुभव: सुखद, दुःखद, अथवा सुखदही नाही आणि दुःखदही नाही असा. थंड पाण्याचा घोट हीसुद्धा वेदनाच.

तिसरा शब्द ‘चेतना’. मराठीत आपण तो जाणीव या अर्थाने वापरतो आणि या लेखातही तसाच वापरला आहे. पालीत मात्र चेतना म्हणजे हेतू, संकल्प. अंगुत्तर निकायात बुद्धांनी कर्माची व्याख्या याच चेतनेच्या आधारे केली आहे. माणूस प्रथम मनाने ठरवितो आणि मग काया-वाचा-मने कृती करतो. म्हणून कर्माचे मूळ जन्मात नसून संकल्पात आहे. ‘चेतना’ या एका शब्दात बुद्धांनी जन्मावर आधारलेल्या प्रतिष्ठेची मुळे उपटून काढली, असे आम्हास वाटते.

बुद्धांचे उत्तर

मज्झिम निकायातील महातण्हासंखय सुत्तात साती नावाच्या भिक्षूची हकिकत आली आहे. तेच एक विज्ञान न बदलता जन्मोजन्मी फिरत राहते आणि तेच सर्व काही भोगते, असा त्याचा समज झाला होता. सहकारी भिक्षूंनी समजावूनही तो ऐकेना, तेव्हा प्रकरण भगवंतांपर्यंत गेले. भगवंतांनी त्यास स्पष्ट शब्दांत फटकारले. प्रत्यय म्हणजे कारणसामग्री. तिच्यावाचून विज्ञानाची उत्पत्ती नाही, हेच आपण नेहमी सांगत आलो, असे ते म्हणाले. डोळा आणि रूप यांच्या योगाने जे उपजते ते चक्षुविज्ञान; कान आणि शब्द यांच्या योगाने जे उपजते ते श्रोत्रविज्ञान; अशीच इतर इंद्रियांची आणि मनाची गोष्ट. मग त्यांनी अग्नीचा दृष्टांत दिला. लाकडावर पेटला तो लाकडाचा विस्तव, गवतावर पेटला तो गवताचा, शेणावर पेटला तो शेणाचा, भुसावर पेटला तो भुसाचा. जळणावाचून वेगळा असा विस्तव कोठे दडून बसलेला नसतो.

हा दृष्टांत चुलीपुढे बसलेल्या कोणत्याही आईस समजेल. गोवरीत विस्तव ‘आहे’ काय? नाही. गोवरीत विस्तव ‘नाही’ काय? तसेही म्हणवत नाही. कारण वारा, ठिणगी आणि कोरडेपणा मिळाला की तीच गोवरी पेटते. ‘आहे’ आणि ‘नाही’ या दोन टोकांच्या मधले उत्तर म्हणजे ‘प्रत्यय असता उपजते, प्रत्यय नसता उपजत नाही’. यालाच प्रतीत्यसमुत्पाद म्हणतात.

संयुत्त निकायात सारिपुत्त आणि महाकोट्ठित या दोन थोर भिक्षूंचा संवाद आहे. विज्ञान आणि नामरूप, म्हणजे जाणीव आणि देह-मनाची घडण, यांचा संबंध सांगताना सारिपुत्तांनी एकमेकींना टेकून उभ्या असलेल्या बोरूच्या दोन पेंढ्यांचा दाखला दिला. आपल्याकडे शेतात कडब्याच्या पेंढ्या अशाच टेकवून ठेवतात. एक काढली की दुसरी पडते. याचा अर्थ, जाणीव ही देहात बाहेरून येऊन राहणारी पाहुणी नव्हे. आणि देह हेही जाणिवेचे नुसते भाड्याचे घर नव्हे.

दीघ निकायातील पायासि सुत्तात कुमार कस्सपांनी शंखाची गोष्ट सांगितली आहे. एका गावात शंख वाजविणारा येतो. लोकांना नाद फार आवडतो. ते शंखाला उताणा करतात, पालथा करतात, काठीने बडवितात आणि म्हणतात, ‘बोल!’ शंख बोलत नाही. मग वाजविणारा तो उचलून फुंकतो आणि नाद उमटतो. माणूस, प्रयत्न आणि वायू हे तिन्ही असतील तेव्हाच शंख वाजतो. तसेच आयुष्य, उष्णता आणि विज्ञान ही तिन्ही असतील तोवर देह चालतो, बोलतो, ऐकतो. महावेदल्ल सुत्तात याच तीन गोष्टी देहास सोडून गेल्या म्हणजे तो टाकून दिलेल्या लाकडासारखा अचेतन पडून राहतो, असे म्हटले आहे. म्हणजे लाकडाची गणना येथे सरळ अचेतनात केलेली आहे.

मग भिक्षूंना झाड तोडण्याची आणि जमीन खणण्याची मनाई का? विनयपिटकातील कथा येथे उद्बोधक आहे. आळवी येथील भिक्षू बांधकामासाठी झाडे तोडू लागले, तेव्हा लोक नाराज झाले. श्रमण म्हणवून घेणारे हे लोक एकेंद्रिय जीवांना पीडा देतात, अशी तक्रार झाली. लोक वृक्षांच्या ठायी जीव मानतात, हे ध्यानात घेऊन भगवंतांनी नियम घातला. झाडाला मन आहे की नाही, या वादात ते शिरले नाहीत. लोकांच्या करुणेला धक्का लागू नये आणि भिक्षूंच्या हातून हिरवे जग उगाच उद्ध्वस्त होऊ नये, एवढे त्यांनी पाहिले.

जीव आणि शरीर एक की भिन्न, या प्रश्नाचे उत्तर बुद्धांनी दिले नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. मालुंक्यपुत्त या भिक्षूने आग्रह धरला, तेव्हा त्यांनी विषारी बाण लागलेल्या माणसाची उपमा दिली. बाण कोणी मारला, त्याचा वर्ण कोणता, धनुष्य कशाचे होते, हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही, असे तो म्हणत बसला, तर उत्तर मिळण्यापूर्वीच मरून जाईल.

पुढील काळात सर्व बौद्ध या बाबतीत एकमताचे राहिले, असे मात्र नाही. चीनमधील तिएनताई परंपरेचे आचार्य चान्-रान् यांनी आठव्या शतकात निर्जीव वस्तूंच्या ठायीही बुद्धत्वाचा अंश आहे, असे मांडले. तेराव्या शतकातील जपानी आचार्य दोगेन यांनी निर्जीव वस्तूही धम्मोपदेश करतात, या परंपरेवर चिंतन केले. डोंगर, ओढे, गवत यांच्याकडे आदराने पाहण्याची एक सुंदर दृष्टी त्यातून निर्माण झाली. परंतु पाली निकायांचा जो मूळ सूर आहे, तो प्रत्ययांचा आहे, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरू नये.

बाबासाहेबांचा दृष्टांत

१९५७ मध्ये, महापरिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्धा अँड हिज धम्म’ या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात, अधम्म म्हणजे काय याची चर्चा करताना बाबासाहेबांनी आत्म्यावरील विश्वासाचा परामर्श घेतला आहे. आत्मा नाही, तर मग मनुष्यातील जाणिवेचा उलगडा कसा करावयाचा? बाबासाहेबांचे उत्तर असे की, जेथे रूप म्हणजे काया आहे, तेथे तिच्यासोबत विज्ञान असते. विद्युत क्षेत्राबरोबर जसे चुंबकीय क्षेत्र प्रकट होते, तसा हा संबंध असावा, असा दाखला ते आधुनिक शास्त्रातून देतात. विज्ञान उपजले म्हणजे माणूस सचेतन होतो. जाणणे, भावणे आणि इच्छिणे ही त्याचीच कार्ये आहेत. मग निराळ्या आत्म्याला कामच उरत नाही.

हा दृष्टांत वाचून काही जण विचारतात, ‘म्हणजे सर्व पदार्थांत चेतना आहे, असेच बाबासाहेब म्हणतात ना?’ आमच्या मते तसे नाही. शाळेत दहावीपर्यंत शिकलेले भौतिकशास्त्र येथे उपयोगी पडते. स्थिर विद्युतभाराभोवती चुंबकीय क्षेत्र नसते. भार हलू लागला, तारेतून प्रवाह वाहू लागला, की ते प्रकट होते. १८२० मध्ये अर्स्टेड यांच्या प्रयोगात प्रवाह वाहताच जवळची चुंबकसूची हलली होती. हा तपशील ध्यानात घेतला तर दृष्टांत अधिकच समर्पक होतो. देह म्हणजे भूतांचा निश्चल ढीग नव्हे. श्वास, रक्त, उष्णता यांचा अखंड चाललेला प्रवाह म्हणजे देह. तो प्रवाह आहे तोवर विज्ञान आहे. दगडातही भूते आहेत, पण असा प्रवाह नाही. म्हणून बाबासाहेबांचे मत सर्वचेतनावाद्यांहूनही निराळे आणि अजित केसकंबलांच्या जडवादाहूनही निराळे ठरते. पहिले जाणिवेला सर्वत्र पसरवितात, दुसरे तिला क्षुल्लक ठरवितात. बाबासाहेब तिला माणसाच्या जीवनातील मुख्य गोष्ट मानतात आणि तरीही तिला शाश्वत करीत नाहीत.

मताची कसोटी

येथपर्यंतचा विचार तत्त्वज्ञानाचा झाला. आम्हा आंबेडकरी लोकांना त्यापुढचा एक प्रश्न विचारावाच लागतो: या मताने माणसाच्या जगण्यात काय फरक पडला?

‘रिडल्स इन हिंदुइझम’ या लेखनात बाबासाहेबांनी ब्रह्मवादाविषयी हाच प्रश्न उपस्थित केला आहे. महाराष्ट्र शासनाने हे लेखन १९८७ मध्ये प्रसिद्ध केले. सर्वांच्या ठायी एकच ब्रह्म आहे, हा विचार लोकशाहीला याहून बळकट पाया देऊ शकला असता काय, असे वाटावे इतका तो समतेला अनुकूल आहे, हे बाबासाहेब मोकळेपणाने मान्य करतात. पण मग त्यातून समता का निर्माण झाली नाही? कारण ते तत्त्व ग्रंथातच राहिले. समाजव्यवहाराचा नियम म्हणून ते कधीच लागू झाले नाही.

महाडचा इतिहास आठवावा. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर ते तळे ‘बाटले’ म्हणून १०८ घागरींनी, पंचगव्य मिसळून, ‘शुद्ध’ करण्यात आले. पाण्यात देवत्व पाहणारा समाज पाण्याला विटाळ होतो असे मानीत होता. पण तहानलेल्या माणसाला तहान लागते, हे त्यास दिसत नव्हते. ज्या आख्यायिकेत पैठणला रेड्याने वेद म्हटले, त्याच आख्यायिकेत ती चार भावंडे स्वतः वाळीत टाकलेली आहेत, हेही आपण सहसा ध्यानात घेत नाही. रेड्याच्या मुखातील चैतन्याचे कौतुक झाले. दाराबाहेर उभ्या असलेल्या मुलांच्या भुकेचे झाले नाही.

याउलट सम्राट अशोकाचे शिलालेख पाहावेत. दुसऱ्या शिलालेखात त्याने माणसांसाठी आणि पशूंसाठी औषधोपचाराची सोय, वाटेवर विहिरी आणि झाडे यांचा उल्लेख केला आहे. पाचव्या स्तंभलेखात अनेक प्राण्यांची हत्या त्याने मना केली आणि जीवजंतू असलेला भुसा जाळू नये, अशी आज्ञा दिली. भुशात आत्मा आहे, असे अशोक म्हणत नाही. भुशातील किड्याला पोळते, एवढे त्यास पुरेसे वाटते. जेथे वेदना आहे तेथे आपले कर्तव्य सुरू होते. चेतना कोठवर पसरली आहे याची मोजणी पूर्ण होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही.

म्हणून आमचे मत असे आहे की, चेतनेविषयीच्या कोणत्याही मताची कसोटी त्याच्या विशालतेवर लावू नये. ते मत कोणाचे दुःख आपल्याला दाखविते आणि कोणाचे झाकते, हे पाहावे. दगडात देव पाहणारी नजर दगड फोडणाऱ्याकडे वळत नसेल, तर ती नजर अपुरीच म्हटली पाहिजे.

प्रत्यय पुरविणे हेच कार्य

बुद्धांच्या उत्तरातून शाळेसाठी एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. जाणीव जर जन्मासोबत कमीअधिक मापाने वाटून आलेली वस्तू असती, तर शिक्षणाला अर्थ राहिला नसता. ‘याच्या डोक्यातच नाही,’ हे वाक्य आम्ही शिक्षकांनी किती सहज उच्चारले असेल! सुख-दुःखाची वेदना प्रत्येक मुलाला सारखीच होते. तिच्यात उच्चनीच नाही. परंतु समज, धैर्य, जिज्ञासा ही विस्तवासारखी प्रत्ययांतून पेटतात. पोटभर जेवण, कोरडे अंथरूण, रात्री अभ्यासाला दिवा, आजारपणात कपाळावर हात आणि प्रश्न विचारला असता न हसणारा वर्ग, हे ते प्रत्यय. निवासी शाळा म्हणजे हे प्रत्यय एकत्र जुळवून आणण्याची जागा. ज्या पालकांनी लेकराला दूर ठेवण्याचे दुःख सोसले आणि ज्या माजी विद्यार्थ्यांनी आपल्या पहिल्या पगारातून वसतिगृहासाठी काही पाठविले, त्यांनी या प्रतीत्यसमुत्पादात आपला वाटा उचलला आहे.

त्या सहलीत आम्ही स्वतः असा एक प्रत्यय मोडला होता. मुले हसली आणि आम्ही त्यांना थांबविले नाही. पुढे दोन वर्षांनी त्या मुलाचे वडील खोकल्याने खंगून खाणीचे काम सोडून घरी बसले. खाणीतील बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत जाऊन फुफ्फुसे निकामी होतात, हे आम्हाला पुस्तकातून ठाऊक होते. त्या घरी गेल्यावर ते डोळ्यांनी पाहिले. ओसरीवर बसलेले ते गृहस्थ दर चार शब्दांमागे श्वासासाठी थांबत होते. ‘‘गुरुजी, पोरगं शिकतंय न्हवं?’’ एवढेच त्यांनी विचारले.

कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दाराशी धेनुकाकट येथील सामी नावाच्या सुताराचे नाव कोरलेले आहे. ते दार त्याने घडविले, असे तो लेख सांगतो. राजे आणि श्रेष्ठी यांच्या बरोबरीने हात राबविणाऱ्या माणसाचे नाव दगडावर राहू शकले, हे त्या काळच्या संघाच्या दृष्टीचे एक गमक आहे. त्या दिवशी आम्ही मुलांना व्यापाऱ्यांचे दानलेख दाखविले आणि सामीचे नाव दाखवावयाचे राहून गेले.

तो मुलगा आता मोठा झाला आहे. ही स्मरणिका त्याच्याही हाती पडेल. बाळा, तुझ्या प्रश्नाचे उत्तर आज असे देतो: दगडाला दुखले नसावे, कारण दुखण्यासाठी लागणारे प्रत्यय दगडात नाहीत. पण तो दगड खोदणाऱ्याला दुखले. त्याच्या हाताला घट्टे पडले असतील, डोळ्यांत कपच्या उडाल्या असतील, छातीत धूळ गेली असेल. तू दगडाविषयी विचारत होतास, तेव्हा तुझ्या डोळ्यांपुढे कोण होते, हे आम्हाला त्या वेळी कळावयास हवे होते.